चर्चमधला आवाज आणि घरातला आवाज

सुईदोरा (शुक्रवार, रात्री १०:४०)

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

गेली दोन वर्षं मी दर रविवारी आमच्या चर्चमधल्या एका मावशींना गाडीतून उपासनेला नेते आणि परत घरी सोडते. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मीच म्हटलं, "चला ना माझ्याबरोबर," आणि ते गळ्यात पडलं ते पडलंच. मावशी कधी वेळेवर खाली येत नाहीत. दहा मिनिटं, कधी पंधरा. गाडीत बसल्या की माझ्या गाडी चालवण्यावर, माझ्या मुलीच्या कपड्यांवर, मागच्या गीतात माझा सूर कुठे घसरला यावर बोलणं सुरू. मी हसते. "असू द्या मावशी," म्हणते. सगळ्या चर्चमध्ये माझी ख्याती 'किती गोड स्वभावाची' अशी आहे.

आणि घरी आले की भांडी आदळते. नवऱ्याने "किल्ली कुठे ठेवलीस?" एवढं विचारलं तरी खेकसते. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली, "आई, तू मावशींशी बोलतेस ना, त्या आवाजात माझ्याशी बोलशील?"

तेव्हापासून घास उतरत नाही. दोन प्रश्न आहेत. मावशींशी मी जी वागते ती ख्रिस्ती ममता की नुसता भित्रेपणा? आणि उद्या "यापुढे जमणार नाही" म्हटलं तर मी प्रीतीत कमी पडले असं होईल का?

कृपया बायबलची वचनं फेकून मारू नका, ती मला पाठ आहेत. स्वतःचं काय झालं ते सांगा.

उंदीरमामा (शुक्रवार, रात्री १०:५२)

पयला नंबर!
वचनं फेकायची नाहीत म्हणता, म्हणजे हा धागा चार प्रतिसादांत आटपणार.

मार्थाच (शुक्रवार, रात्री ११:१५)

सुईदोरा, तुमच्या मुलीचं वाक्य वाचून मी फोन उलटा ठेवला आणि पाच मिनिटं बसून राहिले. आमच्या घरी हे वाक्य अजून कुणी बोललेलं नाही इतकंच, लागू तितकंच आहे.

मला वाटतं बाहेरच्यांशी गोड वागायला फारसं काही लागत नाही. त्यांच्यासमोर आपण तासभर असतो आणि ते आपल्याला गुण देतात. घरचे गुण देत नाहीत आणि सोडूनही जात नाहीत, म्हणून उरलंसुरलं त्यांच्या ताटात. मी गेल्या वर्षीपासून एकच केलंय. कामावरून आले की दाराबाहेर जिन्यात दोन मिनिटं बसते. प्रार्थना वगैरे म्हणाल तर तीही धड नाही, फक्त 'आता आत माझी माणसं आहेत' एवढं स्वतःला सांगते. सासूबाईंनी एकदा दार उघडून पाहिलं आणि विचारलं, "किल्ली हरवली का?" आता त्यांना सवय झालीय.

थोमा_दुसरा (शनिवार, सकाळी ७:३०)

मी या घरातला पाहुणा, श्रद्धा वगैरे नाही. एक शंका. 'ख्रिस्ती' दयाळूपणा म्हणजे काय वेगळं? दया ती दया. माझे शेजारी कुठल्याच देवाला मानत नाहीत आणि अख्ख्या इमारतीचं आजारपण तेच काढतात. चांगुलपणाला शिक्का कशाला?

रूथमावशी (शनिवार, सकाळी ८:०५)

थोमा, तुमचे शेजारी येशूच्या त्या दाखल्यात आहेत हो! यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर माणूस अर्धमेला पडलेला. याजक आणि लेवी, दोघेही मंदिराचे सेवक, बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी चुकीच्या धर्माचा माणूस. गंमत पाहा, शेवटी येशू विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण झाला? तर समोरच्या यहूदी शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा निघत नाही. "दया करणारा तो," म्हणतो. नाव घ्यायला जीभ वळेना. तेव्हा मक्तेदारी आमच्याकडे नाही, हे आमच्याच पुस्तकात लिहिलंय.

फरक असेल तर तो सुरुवातीचा. प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्रात 'क्षमा करा' इथेच वाक्य थांबत नाही, 'देवाने तुम्हांला केली तशी' असं आहे. आधी मिळालंय, म्हणून द्यायचं. आपल्या खिशातून द्यायचं म्हटलं की सुईदोरासारखं होतं, रविवार दुपारपर्यंत खिसा रिकामा.

(वचन फेकलं नाही हं सुईदोरा, हातात दिलं.)

शब्दवेडा (शनिवार, सकाळी १०:२०)

तुम्ही 'ममता' शब्द वापरलात, म्हणून आत येतो. भाषा शिकवण्यात आयुष्य गेलं, खोड जात नाही.

गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे, त्यात ममता येते. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'ख्रेस्तोतेस' आहे. करिंथकरांस पत्रात 'प्रीती परोपकारी आहे' म्हटलंय, तिथे त्याच धातूचं क्रियापद. इफिसकरांत 'एकमेकांबरोबर उपकारी व्हा', तिथेही तोच शब्द, विशेषणरूपात. म्हणजे आपल्या अनुवादकांनी एका कुळातल्या शब्दांना तीन मराठी कपडे घातले, आणि तिन्ही ठिकाणी ते बरे बसतात. पण चौथी जागा मला सर्वांत आवडते. 'माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.' हे 'सोयीचे' म्हणजे पुन्हा तेच, 'ख्रेस्तोस'.

जू सोयीचं म्हणजे काय? बैलाच्या खांद्याला नीट बसणारं, काचत नाही, सोलत नाही असं. ओढायचं असतंच. जू म्हटल्यावर ओढणं आलं. पण खांदा फुटत नाही. दयाळूपणाचा हा अर्थ मला फार पटतो. गोड बोलणं त्यात मावत नाही. समोरच्याच्या खांद्याचं माप घेऊन वागणं म्हणजे ममता.

जाता जाता: जुन्या काळी 'ख्रेस्तोस' आणि 'ख्रिस्तोस' यांचे उच्चार इतके जवळ आले होते की लोक ख्रिस्ती मंडळींना चुकून 'ख्रेस्ती' म्हणत. इ.स. १९७च्या सुमारास टर्टुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहून गेला की तुम्हाला आमचं नावसुद्धा नीट घेता येत नाही, पण जे चुकीचं घेता त्याचाही अर्थ गोडवा आणि भलेपणाच निघतो.

उंदीरमामा (शनिवार, सकाळी १०:३१)

सर, तुमचा प्रतिसाद वाचताना मधल्या सुट्टीची घंटा ऐकू आली.

लिंबूटिंबू (शनिवार, सकाळी ११:००)

जू मावशींना अगदी सोयीचं बसलंय. खांदा सोलला सुईदोराचा. :)

पाळकांची_बायको (शनिवार, दुपारी २:१०)

आयडीवरून कळलंच असेल. सतरा वर्षं झाली. पहिली दहा वर्षं मी प्रत्येक फोन उचलला. रात्री साडेअकराला, मुलाला ताप असताना, माझ्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा. कुणाचं भांडण, कुणाची नोकरी, कुणाला नुसतं बोलायचं असायचं. मला वाटायचं ही सेवा. अकराव्या वर्षी एका सकाळी फोन वाजला आणि मी तो उशीखाली दाबून रडत बसले. पुढचे चार महिने मी चर्चच्या दारातून आत जाऊ शकले नाही. पाळकांची बायको! काय काय चर्चा झाल्या असतील ते तुम्हीच समजा.

त्या दिवसांत रूथमावशींनी सांगितलेला तोच दाखला पुन्हा पुन्हा वाचत होते आणि आधी कधी न दिसलेली गोष्ट दिसली. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून जातो! जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, रात्रभर काळजी घेतली, मग उतारशाळेच्या माणसाला दोन दीनार दिले आणि आपल्या वाटेला लागला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांचे पैसे. त्याचा स्वतःचा प्रवास होता, तो त्याने रद्द केला नाही. आणि काम एकट्याच्या अंगावर घेतलं नाही, दुसऱ्या माणसाला त्यात ओढलं.

सुईदोरा, तुमच्या चर्चमध्ये गाडी असलेल्या तुम्ही एकट्याच आहात का? एक रविवार आड करून बघा. मावशींना सोडणं आणि मावशींना दुसऱ्याच्या हाती सोपवणं यांत फरक आहे.

निम्मा_संशयी (शनिवार, दुपारी ३:००)

वहिनी, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर, पण हा अर्थ आपल्याला सोयीचा म्हणून आवडतोय असं नाही ना? (इथे 'सोयीचा' ख्रेस्तोसवाला नव्हे.) दाखल्याचा भर मर्यादांवर नाहीच. "आणखी खर्चशील ते मी परत येईन तेव्हा देईन," म्हणतो तो. हा कोरा धनादेश आहे. अनोळखी माणसासाठी. आजकाल सगळीकडे 'मर्यादा आखा, स्वतःला जपा' चाललंय, आणि आता शोमरोन्यालाही त्यात ओढलं. प्रीतीची किंमत मोजावी लागते, इतकं तरी मान्य करू या. नाहीतर मग थोमांचं बरोबर, शिक्का कशाला हवा?

पाळकांची_बायको (शनिवार, दुपारी ३:२५)

कोरा धनादेश, मान्य. पण उतारशाळेत बसून जखमी माणसाकडून आपल्या गाढव हाकण्यावर टीका नाही ऐकली त्याने दोन वर्षं.

उंदीरमामा (शनिवार, दुपारी ३:२६)

वहिनींना एक षटकार.

नाव_नको (शनिवार, रात्री ११:४८)

नवीन आयडी घेऊन लिहितेय, माफ करा.

किंमत मोजावी लागते हे वाक्य मी खूप ऐकलंय. माझा नवरा मारायचा. मी चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडे गेले तर मला सांगण्यात आलं, सत्तर वेळा सात क्षमा कर, दुसरा गाल पुढे कर, तुझ्या सौम्यतेने तो जिंकला जाईल. मी सहा वर्षं सौम्य राहिले. तो जिंकला गेला नाही. माझ्या डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

बाहेर पडल्यावर मी ती वचनं स्वतः शोधून वाचली. लूकच्या शुभवर्तमानात लिहिलंय, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. दोष दाखव हे आधी आहे. ते मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आणि योहानात आहे की महायाजकाच्या चौकशीत एका शिपायाने येशूला चपराक मारली. तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केला नाही. "मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?" असं विचारलं.

सुईदोराताईंच्या मावशी तशा नाहीत, मला कळतं. पण 'गप्प सहन करणं म्हणजे दया' असं कुणी लिहिलं की माझे हात थरथरतात, म्हणून लिहिलं.

रूथमावशी (रविवार, सकाळी ६:१०)

नाव_नको, रात्री झोप लागली नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिला बसवलं, डोक्यावरून हात फिरवला, प्रार्थना केली आणि नवऱ्याच्या घरी परत पाठवली. फार प्रेमाने पाठवली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. तुमची माफी मागून तिचं काही होणार नाही, तरी मागते.

नाव_नको (रविवार, दुपारी १:२०)

वाचलं मावशी.

निम्मा_संशयी (रविवार, दुपारी १:४५)

नाव_नको, मी ते वाक्य ज्या जोशात लिहिलं त्याची लाज वाटली. किंमत कोण मोजतंय आणि वसूल कोण करतंय, हे आधी पाहायला हवं होतं.

मागचा_बाक (रविवार, सायंकाळी ५:३०)

थोडा वेगळा कोन. रोजच्या चिडचिडीतल्या दयेची गोष्ट म्हटली की मला फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली तेरेसा आठवते. १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी मठात गेली, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. ना कुठे प्रवास, ना मोठं कार्य. चार भिंतींत त्याच त्या बायका, त्यांचे तेच ते स्वभाव.

तिने स्वतः लिहून ठेवलंय. एक भगिनी तिला मुळीच आवडत नसे, तिचं वागणं, बोलणं, सगळंच डोक्यात जाई. तेरेसाने ठरवलं की ही माझी सर्वांत आवडती असती तर जसं वागले असते तसं वागायचं. दिसली की हसायचं, तिच्यासाठी प्रार्थना करायची, काम करू लागायचं. इतकं की एक दिवस त्याच भगिनीने विचारलं, "माझ्यात तुम्हाला इतकं काय आवडतं हो?"

पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. कधी अगदीच असह्य झालं की ती चक्क पळून जाई! रणांगणातून पळणाऱ्या शिपायासारखी, असं तिनेच लिहिलंय. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. उत्तर द्यायचं नसेल आणि हसूही येत नसेल तर खोलीतून बाहेर जावं.

थोमा_दुसरा (रविवार, सायंकाळी ५:५०)

चालत्या गाडीतून कसं जाणार बाहेर?

निम्मा_संशयी (रविवार, सायंकाळी ६:१५)

बाक, एक विचारतो, खवचटपणा नाही. त्या भगिनीची फसवणूक झाली की नाही? तिला वाटलं आपण आवडतो. इथे मावशींना वाटतंय सुईदोराला आपली सोबत आवडते. मुखी एक आणि पोटी एक, याला आपण एरवी ढोंग म्हणतो.

मार्थाच (रविवार, सायंकाळी ७:००)

मला वाटतं, हसल्यानंतर आत काय चाललंय यावर ते ठरतं. तेरेसा हसून तिच्यासाठी प्रार्थना करत होती, म्हणजे आवडावी म्हणून धडपडत होती. आपण हसतो आणि मनात वही लिहितो. 'आज पंधरा मिनिटं. आज मुलीच्या फ्रॉकवर बोलल्या.' ती वही घरी जाऊन नवऱ्यासमोर उघडतो. 'प्रीती अपकार स्मरत नाही' म्हणजे ही वही ठेवायची नाही. वाईट वाटणारच, त्याबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही.

उंदीरमामा (रविवार, रात्री ८:०५)

थोडं विषयांतर. नीतिसूत्रे २७:१४ कुणी वाचलंय का? पहाटे उठून मोठ्याने मित्राला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शाप गणला जाईल. शलमोनाच्या काळी कुटुंबाचे ग्रुप नव्हते, तरी त्याला कसं कळलं? आमचे एक काका पहाटे ४:५० ला गुलाब, सूर्योदय आणि स्तोत्र असं एकत्र पाठवतात. मी हे वचन उत्तरादाखल टाकलं. काकांनी 'आमेन' लिहिलं.

लिंबूटिंबू (रविवार, रात्री ८:१२)

😂😂 काकांची ममता तुमच्यापेक्षा मोठी निघाली.

अंजिराखाली (रविवार, रात्री ९:३०)

उंदीरमामा, हसले, पण त्यावरून एक आठवलं. बाबा गेले तेव्हा मला दोन दिवसांत शंभरेक वचनं आली. 'सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे तर किती जणांनी पाठवलं असेल. खरी वचनं आहेत, माझाही विश्वास आहे, पण त्या दिवशी प्रत्येक वचन म्हणजे पाठवणाऱ्याने आपलं कर्तव्य उरकून हात झटकल्यासारखं वाटत होतं. तुमच्याच नीतिसूत्रांत दोन अध्याय मागे लिहिलंय की खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणं.

एक मैत्रीण आली. फार बोलकी बाई, पण त्या दिवशी काही बोलली नाही. बाबांच्या कपाटातली कागदपत्रं काढून तिने तारखांप्रमाणे लावली. बँकेचे वेगळे, विम्याचे वेगळे, औषधांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. तीन तास. जाताना फक्त म्हणाली, "निळ्या फाईलमध्ये आधी करायची कामं आहेत." मी ती निळी फाईल अजून टाकलेली नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवसापासून बोलायला लागले आणि बिघडलं.

मागचा_बाक (रविवार, रात्री ९:५५)

निळी फाईल. वा.

मी दिवसभर फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतो. "आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व" हे वाक्य दिवसातून शंभर वेळा. घरी बायकोला वर्षातून एकदाही नाही. मागे तिने माझ्याकडे ग्राहक क्रमांक मागितला होता, म्हणजे तक्रार नोंदवता येईल.

थोमा_दुसरा (रविवार, रात्री १०:१०)

हा उत्तम विनोद आहे आणि मुळीच विनोद नाही.

भांडणांचं काय हो पण? 'रागात असताना सूर्य मावळू नये' हे माझ्या ख्रिस्ती मित्राच्या घरी भिंतीवर लावलंय. त्यामुळे ते दोघं मिटवामिटवीसाठी पहाटे दोनपर्यंत भांडतात.

शब्दवेडा (रविवार, रात्री १०:३५)

तुमच्या मित्राला सांगा, भिंतीवरच्या ओळीच्या लगेच आधीचे 'रागावा पण पाप करू नका' हे शब्द पौलाने चौथ्या स्तोत्रातून घेतलेत. त्या स्तोत्रातली पुढची ओळ अशी की अंथरुणात पडल्यापडल्या आपल्या मनाशी विचार करा व स्तब्ध राहा. थोडक्यात, दिवा घालवा आणि झोपा.

आणि राग सूर्यास्ताआधी मिटलाच नाही असं खुद्द पौलाचं झालंय. बर्णबा या सोबत्याबरोबर त्याचं मार्क नावाच्या मदतनीसावरून इतकं कडाक्याचं वाजलं की दोघे दोन दिशांना गेले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. किती वर्षं गेली असतील! पुढे तीमथ्याला दुसरं पत्र लिहिताना तो म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात काय घडलं ते कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, निम्मी ममता अशी न लिहिलेल्या वर्षांतच घडते.

बोअजचं_शेत (सोमवार, सकाळी ७:०५)

शुक्रवारपासून नुसतं वाचतोय. साठ प्रतिसादांची चर्चा होईल इतका ऐवज झाला, पण एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही.

येशूने आंधळ्या बार्तीमयाला काय विचारलं? "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" माणूस आंधळा आहे, ओरडतोय, काय हवंय ते कुणालाही दिसतंय. तरी विचारलं.

सुईदोरा, तुम्ही मावशींना दोन वर्षांत कधी विचारलंत का, की उशीर का होतो? आणि बोलणं लागतं हे त्यांना एकांतात सांगितलंत का? मत्तयच्या अठराव्या अध्यायात पहिली पायरी तीच आहे. दोघेच असताना. आपण पहिली पायरी गाळून थेट शेकडो अनोळखी लोकांना सांगतो.

सुईदोरा (सोमवार, सकाळी ७:४०)

नाही विचारलं.
सगळे प्रतिसाद वाचलेत. नाव_नको, तुमचा तीनदा वाचला. येत्या रविवारी बोलते मावशींशी. पोटात आत्तापासून गोळा आलाय.

उंदीरमामा (सोमवार, सकाळी ७:४४)

धागा चार प्रतिसादांत आटपेल म्हणालो होतो ते मागे घेतो. रविवारपर्यंत जागा धरून ठेवा रे.

सुईदोरा (पुढचा रविवार, रात्री ९:१५)

बोलले. जसं ठरवलं होतं तसं काहीच झालं नाही.

मुलीला नवऱ्याबरोबर पुढे पाठवलं, म्हणजे गाडीत आम्ही दोघीच. आधी उशिराचं विचारलं. मावशी म्हणाल्या, "उशीर? तूच दर वेळी लवकर येऊन उभी असतेस. मला वाटायचं, हिला घरात करमत नाही." झालं असं की मी पहिल्या दिवशी "साडेआठच्या पुढे येते" म्हणाले होते. मी साडेआठ धरलं, त्यांनी पावणेनऊ धरलं. दोन वर्षं मी त्यांच्या दाराखाली बसून हुतात्मा होत होते आणि त्या वेळेवर येत होत्या!

इथवर हसायलाच आलं. मग मुलीच्या कपड्यांचं काढलं. शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "मावशी, तुम्ही बोलता तेव्हा मला लागतं, आणि आता तीही मोठी होतेय, तिला समजतं." मावशी बराच वेळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तू हसत का होतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुला माझं बोलणं आवडतं. माझ्या सुनेला नाही आवडत, ती तोंडावर सांगते. मला वाटलं ही एक तरी आहे." निम्मा_संशयी, तुमचा तो ढोंगाचा प्रश्न तेव्हा आठवला आणि तुमचा रागही आला.

परत येताना त्या दुसऱ्या कुणाबरोबर गेल्या. निरोपही घेतला नाही. चर्चमध्ये दोघी-तिघींनी विचारलं, "काय गं, मावशींना काय झालं?" माझी गोड स्वभावाची ख्याती संपली बहुतेक.

घरचं सांगायचं तर मुलीने आता खेळच केलाय. मी काही बोलले की विचारते, "हा कुठला आवाज?" काल तिसऱ्यांदा विचारल्यावर मी ओरडले. ती म्हणाली, "हा खरा."

मार्थाच (रविवार, रात्री ९:३०)

अगं! जिन्यात बसायला ये माझ्याकडे.

नाव_नको (रविवार, रात्री ९:५०)

तुम्ही विचारलंत आणि त्यांनी उत्तर दिलं. मारलं नाही, धमकी दिली नाही, रुसल्या. रुसू द्या हो ताई.

निम्मा_संशयी (रविवार, रात्री १०:००)

राग रास्त आहे. पण मावशींचं ते 'ही एक तरी आहे' माझ्या डोक्यातून जात नाही.

रूथमावशी (रविवार, रात्री १०:२०)

सुईदोरा, आम्हा म्हाताऱ्यांना कुणी खरं सांगत नाही, सगळे नुसते हसतात. फोन करू नका लगेच. पण पुढच्या रविवारी गाडी घेऊन जा. पावणेनऊला.

सुईदोरा (गुरुवार, दुपारी ४:०५)

आत्ता मावशींचा मेसेज आला. जसाच्या तसा देते:
"रविवारी ८:४५. मी मागे बसेन. मुलीला पुढे बसव."

उंदीरमामा (गुरुवार, दुपारी ४:०९)

मागच्या सीटवरून आरशात सगळं दिसतं बरं का, गाडी जपून चालवा.